चौथी हाक

आमच्या गावात कुणालाबी विचारा, कडूबाई शिपाईनीनं किती माणसं मारली? कुणी सात सांगंल, कुणी अकरा. चकलांब्याच्या बाजारात एक जण मलाच सांगत व्हता की तिनं वाघ मारलता. मी तिची सख्खी भाची, अन् मलाच सांगतोय. लोकांच्या जिभेला हाड न्हाई, दुसरं काय.

सात न्हाई अन् अकरा बी न्हाई. दोन. पहिला हैदराबादेत, त्याचं तिला चांदीचं कडं मिळालं. दुसरा आमच्या गावच्या वेशीत, तो माझा बाप. आत्या सोता तीन धरायची, पण तिसरीचं मी धरत न्हाई. कावून, ते पुढं येईलच. नीट सांगते, मधी कुणी बोलायचं न्हाई, मला राग येतो.

आत्याच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेलती, म्हणून आजीनं तिचं नाव कडू ठेवलं. कडू चीज यम बी तोंडात घालत न्हाई म्हणतात. तिच्या पाठीवर माझा बाप, सटवा. मी त्याला आबा म्हणायची. सहांतली ही दोघंच काय ती जगली. आत्यानं त्याला कडेवर घेऊन वाढवला. बारा वर्षांची असताना तिचं लगीन झालं, अन् मोठ्या दुष्काळात तिचा नवरा गेला. भुकेनं न्हाई गेला. खडी फोडायच्या सरकारी कामावर दोन भाकरीवरनं भांडण लागलं अन् एकानं त्याच्या डोक्यात घण घातला. आत्या टोपलं घेऊन दोन हातांवर बसली व्हती. तिच्या लुगड्यावर त्याचं रगत उडालं, अन् त्याच लुगड्यावर सासूनं तिला पांढऱ्या पायाची म्हणून घराबाहेर काढलं. म्हायेरात दाणा न्हाई. मंग ती मजुरांच्या टोळीसंगं चालत हैदराबादला गेली. वीस वर्षांची व्हती तवा.

तिथं एका बड्या नवाबाची देवडी व्हती. आमची तीन गावं आत मावली असती एवढी. आत बेगमा, त्यांच्या सुना, बांद्या, दाया, सगळा बायकांचा कारभार. आतल्या दरवाजापाशी पुरुषाची सावली बी चालायची न्हाई, म्हणून तिथला पहारा बायकांचाच. बायकांची पलटणच व्हती ती. लाल कोट, पांढरा पायजमा, केस वर बांधून त्याच्यावर टोपी अन् खांद्यावर संगीन लावलेली बंदूक. रोज सकाळी कवायत. लोकांना हे खोटं वाटतं. वाटू द्या. मी तिचा कोट उन्हात वाळत घातलेला हाय.

त्या पलटणीची हवालदारीण मौलाबी नावाची व्हती. पहिल्याच दिवशी आत्याचं चुकीचं पाऊल पुढं पडलं, तर मौलाबीनं बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर हाणला. दोन दात जमिनीवर. आत्या सांगताना हसायची, म्हणायची, डावं-उजवं मी दातांनी शिकले. भरपूर मार खाल्ला तिनं. पण तिथं दोन टायमाला जेवाय मिळायचं, अन् दुष्काळातून आलेल्या माणसाला एवढं बास व्हतं.

पहाऱ्याचा कायदा एकच. कुणीबी दरवाजाकडं आलं की वरडायचं, 'हुकुमदार'. त्या शब्दाचा अर्थ आत्याला बी सांगता यायचा न्हाई. एवढंच, की कोण हाय ते बोल. एकदा वरडायचं, दोनदा वरडायचं, तीनदा वरडायचं. तिसऱ्याला जबाब आला न्हाई तर संगीन घालायची न्हाई तर गोळी. चौथ्यांदा विचारायचं न्हाई. मौलाबी हे रोज म्हणून घ्यायची, पोरांकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं.

पलटणीत आपल्या बाजूची आणखी एक बाई व्हती, तुळजाबाई, युसूफ वडगावाकडची. दोघी एकमेकींसंगं मराठीत बोलायच्या, एका ताटात खायच्या. एक दिवस दुपारी तुळजाच्या पहाऱ्यावर एक बुरखा चालत आला. तुळजानं तीन हाका दिल्या. जबाब न्हाई. आता हितं आपल्याकडची गोष्ट हाय, ती समजून घ्या. आपल्याकडं तिन्हीसांजेला, मसणवट्यात, ओसाड जागी कुणी हाक मारली तर ओ देत न्हाईत. भूत वळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतं, पण त्याला हाका तीनच. चौथी हाक भुताला मारता येत न्हाई. म्हणून चौथ्या हाकेला ओ द्यायची, हे लेकराला दुधाबरोबर पाजलेलं असतं. तुळजाच्या बी अंगात तेच. तिनं चौथ्यांदा हाक मारली, अन् बुरख्यातली बाई भानावर आली. देवडीतली म्हातारी धोबीण व्हती. सकाळीच तिची लेक गेलती, तिला कशाची सुद नव्हती.

तुळजानं एक जीव वाचवला. शाबासकी द्यायची का न्हाई? मौलाबीनं चाबकाचे पंचवीस कोरडे सांगितले. अन् मारायला कुणाला लावलं, तर आत्याला. दोघी एका मुलखाच्या, म्हणून मुद्दाम. हात हलका पडला तर तेवढेच कोरडे आत्याला, असं आधीच सांगून ठेवलं. आत्यानं पंचवीस मारले. हलके मारले न्हाईत. बाराव्याला कातडं फाटलं, विसाव्यापासून तुळजाचं वरडणं बंद झालं. पाठीत पू झाला अन् आठव्या दिवशी ती गेली. मरेपर्यंत आत्यानंच तिची जखम धुतली. हीच ती तिसरी. आत्या तिला आधी मोजायची.

त्याच्यानंतर वरसाभरानं एक मेणा आला. पडदा सोडलेला, बायकांनीच उचललेला. पहाऱ्यावर आत्या. तिनं विचारलं, आत कोण? मेणा उचलणाऱ्या गप. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. पडद्याआडून आवाज न्हाई. आत्याच्या डोळ्यांपुढं तुळजाची पाठ आली. तिनं संगीन पडद्यातून आत घातली, नळीपर्यंत. बाहेर काढली तर आतून बापय माणूस वरडला. बुरखा घातलेला दाढीवाला, हातात सुरा. मांडीवर आतडी घेऊन तो मेण्याबाहेर पडला अन् आत्याच्या पायाला धरून मेला. कोण व्हता, कुणाचा जीव घ्यायला आलता, हे तिला कुणी सांगितलं न्हाई. फरशी धुवायला मात्र तिलाच लावलं. दुसऱ्या दिवशी बेगमेनं चांदीचं कडं दिलं अन् तिला पलटणीत नायकाच्या हुद्द्यावर चढवली. तीन हाकांवर थांबलीस म्हणून, असं मौलाबीनं सगळ्या पलटणीपुढं सांगितलं.

सतरा वर्षं तिनं चाकरी केली. मंग नवाब गेला. पोरं नव्या चालीची निघाली, त्यांनी बायकांची पलटण बरखास्त केली. म्हाताऱ्या बेगमेनं आत्याला एक ठासणीची बंदूक दिली, परवान्याचा कागद दिला अन् निरोप दिला. आत्या चालत गावाला आली. तवा मी नऊ वर्षांची व्हते. दारात लाल कोट घातलेलं कुणी उभं ऱ्हायलं, तर मी चुलीमागं पळाले.

आबा रडला बहिणीला बघून. आई न्हाई रडली. आई म्हंजे सारजाबाई, तिचं नाव काढलं की भांडखोर बायका बी दार लावून घ्यायच्या. आई म्हणली, सतरा वर्षं देवडीचं अन्न खाल्लेली, माणसं मारलेली बाई, तिनं माझ्या चुलीला शिवायचं न्हाई. ओट्यावर झोपू दे, ओट्यावर खाऊ दे. आईनं तिला कधी 'वन्सं' म्हणून हाक मारली न्हाई. 'ती शिपाईन' म्हणायची, तिच्यासमोर बी.

आत्यानं लुगडं नेसायला घेतलं. पण ते तिला सारखं सुटायचं, मंग बायका हसायच्या. बिडी वढायची, मंग आणखी हसायच्या. ती कुणाला उलटून बोलली न्हाई. आबाला एकदाच म्हणली, अन् ते मी ऐकलं: "सटवा, मला रानात वाटा नको, काय नको. तुज्या बायकोनं मला नणंद म्हणावं, एवढंच. मंग मी सुखानं मरंन." पण त्यो आईला भ्यायचा. गावातले अर्धे बापय आईला भ्यायचे.

त्याच साली उंदीर पडले. घराघरांत उंदीर मरायला लागले अन् पाठोपाठ माणसं. काखेत गाठ, दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी तिरडी. आमच्या आळीतच नऊ गेली. गाव खाली केलं. सगळी रानात खोपी घालून ऱ्हायला गेली. पण धान्याची पेवं गावातच, अन् भांडीकुंडी बी. आमच्या मोगलाईच्या हद्दीला लागूनच इंग्रजी मुलूख. चोरांना त्याच्यासारखं सोपं काय? हिकडं लुटायचं अन् तिकडं उडी मारायची, आमचे शिपाई हद्दीवर हात हलवीत उभे. शेजारच्या गावात दरोडा पडला. पेव कुठं हाय ते सांगंना म्हणून चोरांनी एका म्हातारीच्या पायाला तेलाचे बोळे बांधून पेटवले. ती दोन दिवस वरडत व्हती, आमच्या रानापर्यंत ऐकू यायचं.

गहिनीनाथ पाटलानं माणसं गोळा केली. गावात पहाऱ्याला कोण जातं? सगळे खाली बघायला लागले. चोराचं भ्या एक, अन् गाठीच्या तापाचं दुसरं. आत्या उठली, बंदूक उचलली अन् म्हणली, मी जाते. माझ्यामागं रडाय कोण हाय?

तिनं लाल कोट चढवला अन् वेशीत जाऊन उभी ऱ्हायली. पाचव्या दिवशी सकाळी सकाळी चौघं आले. तिच्या तीन हाकांवर एकानं आयमायवरनं शिवी दिली, बाई हाय रं, म्हणून हसला. तिनं त्याच्या मांडीत गोळी घातली. ठासणीची बंदूक, दुसरी गोळी भरायला टाईम लागतो. तवर दुसरा कुऱ्हाड घेऊन अंगावर आला. तिनं बंदूक उलटी धरली अन् दस्त्यानं त्याचा जबडा फोडला. दात तिच्या कोटावर पडले. तिसऱ्यानं तिच्या खांद्यावर काठी घातली, हाड मोडल्याचा आवाज झाला म्हणतात, तरी ती पडली न्हाई. तिनं त्याच काठीसकट त्याला वढलं अन् वेशीच्या दगडावर त्याचं डोकं आपटलं. चौथा पळाला. हे तिघं बी मंग लंगडत, रगत वकत त्याच्यामागं गेले. मेलं कुणी न्हाई. पण गाव वाचलं.

त्या दिवशी गाव तिच्या पाया पडलं. हसणाऱ्या बायका बी पडल्या. आई न्हाई पडली, पण तिनं दिवसभर कुणाला शिवी दिली न्हाई, हे मी बघितलं. दुसऱ्या दिवशी सांजच्याला आईनं गरम भाकरी केली, वर वांग्याचं भरीत घातलं, फडक्यात बांधलं अन् आबाच्या हातात दिलं. म्हणली, जा, तिला द्या. खांदा मोडलेला हाय, तिला थापता यायची न्हाई. अन् तिला सांगा, साथ संपली की घरात या म्हणावं. 'वन्सं' न्हाई म्हणली, पण 'या' म्हणली. आबा एवढा खूश झाला की मला बी संगं घेतलं.

आता ऐका. दिवेलागण झालती. आभाळात थोडा उजेड, खाली अंधार. गावाकडं जायची वाट मसणवट्याच्या कडंनं जाती, अन् त्या महिन्यात तिथं रोज सरण जळत व्हतं. आबानं डोक्यावरनं घोंगडी घेतली, एका हातात भाकरी अन् दुसऱ्या हातात माझा हात. वेस धा-पंधरा हातांवर आली अन् आवाज आला. हुकुमदार. आत्याचा आवाज एरवी बारीक, हा जाड, भसाडा. मला भ्या वाटलं, पण मी वळखला. मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर आबानं माझ्या तोंडावर हात दाबला. कानात म्हणला, "गप. ओ देऊ नको. चौथीला." गाव मेलेलं, समोर मसणवटा, अन् बहिणीच्या आवाजात कोण हाक मारतंय कुणाला ठाव? त्याला वाटलं, खरीच ती असली तर चौथी हाक मारंल. ह्याच गावची लेक हाय, तिला ठाव हाय.

दुसरी हाक आली. आबा खाली मान घालून चालतच ऱ्हायला. मी त्याच्या हाताला चावले, तरी त्यानं हात काढला न्हाई. तिसरी आली.

मंग जाळ दिसला. आवाज मला आठवत न्हाई. आबाचा हात माझ्या तोंडावरनं सुटला अन् तो पाठीवर पडला. छातीत मूठ जाईल एवढं भोक. तोंडातून रगताचे बुडबुडे येत व्हते. तो माझ्याकडं बघत व्हता अन् ओठ हलवत व्हता. काय म्हणायचं व्हतं, कुणास ठाव. मी वरडले, आत्या, आबा हाय गं. तवा तिच्या हातातून बंदूक पडली.

माझं वरडणं ऐकून आई पळत आली, मागं सगळी खोपटी आली. आई नवऱ्यावर पडली न्हाई. ती सरळ आत्याकडं गेली अन् पडलेली बंदूक उचलून तिच्या मोडक्या खांद्यावर हाणली, मंग तोंडावर, मंग पाठीवर. आत्यानं हात बी वर केला न्हाई. गुडघ्यावर बसून एकच बोलत व्हती: "चौथी हाक तोंडात व्हती गं. बोट आधी गेलं." सुंभ जळतो पण पीळ जात न्हाई म्हणतात. सतरा वर्षं मारून मारून शिकवलेलं बोट, ते तिचं ऱ्हायलंच नव्हतं. हे मी आज म्हणते. तवा मी बी तिला दगड मारले. एक तिच्या कानाला लागला, त्या कानानं तिला मंग कधी ऐकू आलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून अमीन, म्हंजे फौजदार, आला. घोड्यावर, चार शिपाई संगं. साथीच्या गावात थांबायची त्याला भीती, म्हणून सगळं उरकायची घाई. त्यानं चौकशी केली, मयताचं कुणासंगं वैर व्हतं का? कुणीतरी आश्रुबाचं नाव घेतलं. आश्रुबा म्हंजे आबाचा चुलतभाऊ, बांधावरनं दोघांची भांडणं व्हायची. झालं. शिपायांनी आश्रुबाला लिंबाच्या झाडाला उलटा टांगला अन् तळपायावर छड्या मारायला सुरवात केली. पाय सुजून फुटले. तो आधी न्हाई म्हणत व्हता, मंग सोताच्या आईला हाका मारायला लागला, मंग म्हणला, मीच मारला, मला खाली घ्या. गाव बघत व्हतं. खरं सगळ्यांना ठाव, पण सांगणार कोण? गावाला वाचवणाऱ्या बाईला फासावर कोण देणार?

आत्या सोता पुढं आली. सुजलेलं तोंड, गळ्यात अडकवलेला हात. अमिनापुढं तिनं टाचा जुळवल्या अन् सांगितलं, मी मारला, माझ्या बंदुकीनं. अमीन हसला. बाईमाणूस अन् एका गोळीत गडी? तरी त्यानं आईकडं बघितलं. तू सांग, म्हणला. तुझा नवरा कुणी मारला?

सगळं गाव आईकडं बघायला लागलं. मी बी. आईनं एक शब्द बोलायचा व्हता. मला वाटलं ती बोलणारच, अन् मला ते पाहिजे व्हतं. मला आत्या फासावर पाहिजे व्हती, मी खोटं कावून बोलू?

आई म्हणली, दरोडेखोर आलते साहेब, परवाच्या मारामारीचा सूड घ्यायला. इंग्रजी हद्दीत पळाले. ही माझी नणंद भावाच्या दुःखानं येडी झालीय, काय बी बरळती.

अमिनाला तेच हवं व्हतं. इंग्रजी हद्द म्हणलं की कागद मिटला. आश्रुबाला खाली सोडला, तो जन्माचा लंगडा झाला. घोडी गेली. आत्या आईकडं बघत ऱ्हायली. 'नणंद' हा शब्द तिला एका कानानं ऐकू आलता. तिचा चेहरा उजळला, खरंच उजळला, अन् आईनं ते बघितलं.

खोपीत आल्यावर आई तिला म्हणली, "लई हरखू नको. ते अमिनापुरतं व्हतं. फास म्हंजे घडीभराचं काम, अन् तू सुटशील. मी कावून सोडू तुला? त्याचं रान तू नांगर, त्याची पोर तू वाढव, त्याचं मरण तू रोज जग. मी बघत बसते."

आत्या म्हणली, बरं.

एकवीस वर्षं, मोजून. तिनं लाल कोट जाळला, बंदूक गोदावरीत टाकली, कडं माझ्या लग्नात मोडलं. एका खांद्यानं औत हाणलं. आईनं एकवीस वर्षांत तिच्यासंगं शब्द काढला न्हाई. भाकरी टाकायची, पाणी सरकवायची, पण बोलायची न्हाई. आत्या रोज सकाळी आईसमोरून कामाला जाताना घडीभर थांबायची. आज तरी हाक मारंल म्हणून. मी मोठी झाले तरी माझा राग गेला न्हाई. एकदा मी तिच्यावर खुरपं फेकलं, कपाळ फुटलं. तिनं पदरानं पुसलं अन् परत खुरपायला बसली. मला त्याचा आणखीच राग आला. त्याच बाईनं मला मानमोडीच्या साथीत पंधरा दिवस मांडीवर घेऊन जगवलं, माझं लगीन लावलं, अन् सासरच्यांनी मला मारलं तवा चार कोस चालत येऊन माझ्या नवऱ्याला असा बुकलला की त्यानं परत माझ्यावर हात टाकला न्हाई. तिला माफ केलं का म्हणून विचारू नका. मला सोताला ते कळत न्हाई.

मी दुसऱ्या बाळंतपणाला म्हायेरी आलते तवा ती गेली. नांगरटीचे दिवस. दुपारी बैल एकलेच उभे दिसले म्हणून मी गेले, तर ती नांगराच्या तासात पालथी पडलेली. उन्हानं गेली म्हणा, न्हाई तर थकून गेली म्हणा. चौघांनी उचलून ओट्यावर आणली. माणसं जमली. गहिनीनाथ पाटील म्हातारा झालता, तो म्हणला, देवडीचं अन्न खाल्लेली बाई, तिचं सुतक कोण धरणार, नदीच्या पलीकडं नेऊन पुरून टाकू.

आई घरातून आली. आत्याजवळ बसली. बघितलं. अन् हात वर करून मेलेल्या बाईच्या तोंडात मारली. एक, मंग दुसरी. बायका धरायला धावल्या, तर त्यांना बी ढकललं.

"ऊठ," म्हणली. "ऊठ गं. मी अजून सोडलेलं न्हाई तुला. मी आता कुणाचा राग करू? वन्सं, उठा."

असा टाहो तिनं आबा गेला तवा बी फोडला नव्हता. छाती बडवून बडवून ती काळीनिळी झाली. मंग उठून उभी ऱ्हायली. पाटलाला म्हणली, माझी नणंद हाय. माझ्या नवऱ्याला जिथं जाळलं तिथंच हिला जाळायची, सुतक मी धरते, अन् कुणाला अडवायचं असंल तर त्यानं माझ्याकडं यावं. कुणी आलं न्हाई. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं अन् आत्याला सोता न्हाऊ घातलं. ती पाणी घालत व्हती अन् बोलत व्हती. एकवीस वर्षांचं सगळं बोलली, रानाचं, बैलांचं, माझं, आबाचं. मी दाराबाहेर बसून ऐकत व्हते. प्रत्येक वाक्याला 'वन्सं' म्हणत व्हती.

आत्याला त्यातलं काही ऐकू गेलं न्हाई. त्याचं मला अजून लई वाईट वाटतं.